नेदरलँड्समध्ये आयंडहोवनजवळ जुनं शेतघर घेतोय, नातुरा 2000 चं (युरोपच्या संरक्षित निसर्गक्षेत्रांपैकी एक) माळरान 900 मीटरवर आहे: सल्ला हवा

लोणचंवाली
नमस्कार मंडळी. आम्ही अकरा वर्षं आयंडहोवनला आहोत. चार वर्षांपासून मी घरातूनच लोणची, मेतकूट आणि भाजण्या करून विकते. फ्लॅटचं स्वयंपाकघर आता पुरत नाही. कैरीच्या सीझनला बाथटबमध्येसुद्धा बरण्या ठेवाव्या लागतात.

शहराच्या दक्षिणेला, केम्पन भागात एक जुनं शेतघर पसंत पडलंय. पुढे राहतं घर, मागे डुक्करपालनाच्या दोन रिकाम्या शेड आणि अर्धा हेक्टर जागा. एका शेडमध्ये लोणच्यांचं स्वयंपाकघर आणि दुसऱ्या शेडमध्ये पाहुण्यांसाठी सहा खोल्या असा बेत आहे. मकलार, म्हणजे इथला घरांचा दलाल, म्हणतो, जागा संरक्षित क्षेत्राच्या बाहेर आहे, काळजी करू नका. पण मागच्या फाटकातून निघालं की दहा-बारा मिनिटांत हेदरचं (जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप) माळरान लागतं आणि तिथे नातुरा 2000 ची पाटी आहे.

प्रश्न दोनच. सल्लागार कसा निवडावा? त्यासाठी 3,500 युरो काढून ठेवलेत, त्यापेक्षा जास्त जमणार नाही. आणि खरेदीच्या करारात काय लिहून घ्यावं? घर घ्यावं की नाही हे विचारत नाहीये, तेवढं कृपया लक्षात घ्या.

अमस्टेलफेनकर
घेऊ नका. मी 2016 मध्ये अमस्टेलफेनला फ्लॅट घेतला, 2019 मध्ये दुसरा. एकदाही कुठल्या पक्ष्याची परवानगी काढावी लागली नाही. धंद्याला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घ्या. गावाकडे घर ही हौस आहे, धंदा नाही.

सिव्हिलवाला_रॉटरडॅम
मकलारच्या "बाहेर आहे" वर विसंबू नका, ते अर्धंच खरं आहे. मी रस्ते-पुलांच्या कामात आहे, रोज याच्याशी गाठ पडते.

युरोपच्या 1992 च्या हॅबिटॅट निर्देशाचं कलम 6 रेषेच्या आत-बाहेर बघत नाही. तुमच्या कामाचा त्या क्षेत्रावर लक्षणीय परिणाम होऊ शकतो का, एकट्याने किंवा इतरांच्या कामांसोबत मिळून, एवढंच ते विचारतं. शंका उरली तर परवाना नाही. नेदरलँड्समध्ये अशी 160 वर क्षेत्रं आहेत, आणि पुष्कळशी हेदर, दलदल, वाळूची टेकाडं अशी, नायट्रोजन न सोसणारी. नायट्रोजन दोन वाटांनी येतो: जनावरांच्या मलमूत्रातून अमोनिया, आणि गाड्या, गॅस बॉयलर, डिझेल यंत्रं यांतून नायट्रोजन ऑक्साइड. हवेतून जाऊन तो माळावर पडतो. माती आम्ल होते, खत मिळाल्यासारखं गवत माजतं आणि हेदर दबून जातं.

2015 मध्ये सरकारने एक योजना आणली. पुढे नायट्रोजन कमी होणारच आहे, म्हणून परवाने आजच देऊन टाकायचे. 29 मे 2019 ला राड फान स्टाट, म्हणजे इथलं सर्वोच्च प्रशासकीय न्यायालय, यांनी ती योजना रद्द केली. पुढच्या सुधारणेच्या भरवशावर आजचा परवाना देता येत नाही, इतकी सरळ गोष्ट. सुमारे 18 हजार कामं अडकली, त्यात आमचे दोन पूल होते. मग 2021 मध्ये बांधकामाच्या टप्प्याला सूट दिली. नोव्हेंबर 2022 मध्ये पोर्तोस या कार्बन साठवण्याच्या प्रकल्पाच्या खटल्यात तीही गेली. म्हणजे खोल्या बांधताना डिझेलचं खोदकाम यंत्र आणलंत तर तेही हिशोबात धरतात.

हिशोब एरियस नावाच्या संगणक प्रणालीत होतो, 25 किलोमीटरपर्यंतचा, आणि ती फुकट आहे. उत्तर दर हेक्टरी दर वर्षी किती मोल (रसायनशास्त्रातलं माप) नायट्रोजन असं येतं. सगळीकडे 0.00 आलं तर नायट्रोजनसाठी निसर्ग परवान्याची गरज नाही. 0.01 आलं की प्रांताच्या दारात उभं राहायचं.

सल्लागार मोठाच घ्या. आमच्या कंपनीने एका जोडरस्त्यासाठी 22 हजार युरो मोजले आणि अहवाल कोर्टात टिकला.

लोणचंवाली
खूप खूप आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. पण 22 हजार नाहीत, 3,500 आहेत.

ड्रेस्डेनवासी
आमच्याकडेही हेच. एल्बे नदीवरच्या वाल्डश्लोस्शेन पुलाचं उदाहरण घ्या. छोट्या नालाकार वटवाघळांमुळे तो वर्षानुवर्षं कोर्टात होता. 2013 मध्ये वाहतूक सुरू झाली, पण उन्हाळ्यात रात्री 30 च्या वेगानेच जायचं, वटवाघळं गाड्यांवर आपटू नयेत म्हणून. आणि पूल उभा राहिल्यावर 2016 मध्ये न्यायालयाने म्हटलं की आधी केलेली तपासणी पुरेशी नव्हती. बांधून झालं की सुटलो असं समजू नका. तपासणी आधी, कुदळ नंतर.

साताऱ्याचा_गडी
आमच्या महाबळेश्वर-पाचगणीला 2001 पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे. तिथे निदान नकाशावर रेषा आहे, आत काय चालतं आणि बाहेर काय ते माणसाला कळतं. 25 किलोमीटरवरून धूर येतो म्हणून घर अडवायचं हे मला पटत नाही. गाड्यांचा वेगही म्हणे याच्यासाठीच 100 वर आणला होता?

सिव्हिलवाला_रॉटरडॅम
हो, मार्च 2020 पासून दिवसा 100. त्यातून सुटलेला नायट्रोजन घरबांधणीला द्यायचा होता. आणि 25 किलोमीटर ही हिशोबाची कमाल मर्यादा आहे, घर अडवायचं अंतर नाही. धूर रेषा बघून थांबत नाही, म्हणून कायदाही थांबत नाही.

साताऱ्याचा_गडी
मग महामार्गावरचे लाखो ट्रक सोडून बाईंच्या लोणच्याला का धरता?

सिव्हिलवाला_रॉटरडॅम
ट्रकही धरतात. रस्त्याचा प्रकल्प असला की त्याचाही हिशोब होतो. भांडण वाढवत नाही, ताईंचा धागा आहे.

डब्लिनची_मावशी
लोणचंवाली, माझं ऐक. आम्ही विक्लोकडे घर बांधायला घेतलं. प्लॉटच्या कडेचा ओढा पुढे संरक्षित नदीला मिळतो. आमचा आर्किटेक्ट म्हणाला, सेप्टिक टँकला गाळणी लावतो म्हणून लिहू, म्हणजे तपासणीच नको. ते चालत नाही! एप्रिल 2018 मध्ये युरोपच्या न्यायालयाने आयर्लंडच्याच खटल्यात सांगून टाकलं की सुरुवातीच्या चाळणीत उपाय मोजायचे नाहीत. लीशच्या पवनचक्क्यांची केबल होती, आणि नोर नदीतल्या मोत्यांच्या शिंपल्यांचा प्रश्न. उपाय करावा लागतो म्हणजेच परिणामाची शक्यता आहे, मग पूर्ण तपासणी करा. आमचे चौदा महिने गेले आणि भाडं भरत राहिलो. आर्किटेक्टने फी पूर्ण घेतली.

तेव्हा करारात अट घाल. परवाना नाही तर खरेदी नाही.

अमस्टेलफेनकर
करारात अट घाला हे मीही म्हणणारच होतो. पण मुळात घेऊच नका.

शेतकऱ्याची_सून_ब्राबांट
सासरचं घर डुक्करपालनाचं आहे म्हणून लिहिते. ताई, शेड रिकाम्या *का* आहेत ते विचारलंत का?

2023 च्या जुलैपासून सरकारने पशुपालन बंद करणाऱ्यांसाठी पैसे द्यायच्या योजना काढल्या. माळाजवळच्या पुष्कळांनी त्या घेतल्या. पैसे घेतले की जनावरांचा परवाना परत जातो आणि जमिनीचा वापर बदलून पुन्हा पशुपालन करता येणार नाही असं नोंदवावं लागतं. शेडसुद्धा साधारणपणे पाडाव्या लागतात, दुसऱ्या वापराला सूट मिळाली तर गोष्ट वेगळी. म्हणजे ज्या शेडमध्ये तुम्ही खोल्या मांडताय त्या पाडायचं वचन मालकाने आधीच दिलेलं असू शकतं.

दुसरं. पूर्वी लोक म्हणायचे, एवढी डुकरं होती, त्यांच्या नायट्रोजनपुढे माझ्या खोल्या म्हणजे काहीच नाही, जुना हिशोब नव्यात वळता करा आणि परवाना टाळा. राड फान स्टाटच्या 18 डिसेंबर 2024 च्या निकालाने ते बंद झालं. आता अशा वळत्यालाही परवाना लागतो, आणि 2020 पासून ज्यांनी केलं त्यांनाही तो घ्यावा लागणार आहे.

माझे सासरे 61 वर्षांचे आहेत. स्वतःच्या हाताने बांधलेली शेड त्यांनी स्वतःच यंत्र लावून पाडली. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. माळ वाचला पाहिजे असं त्यांनाही वाटतं, ते लहानपणी तिथेच मेंढ्या घेऊन जायचे. पण आधी मोठी शेड बांधा म्हणून कर्ज देणारे तेच आणि नंतर बंद करा म्हणणारे तेच, हे त्यांच्या मनातून जात नाही.

लोणचंवाली
सून ताई, वाचून बसूनच राहिले. उद्याच विचारते. तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.

पक्षीवेडा_उट्रेख्त
सगळे नायट्रोजनवर बोलतायत. छप्पर कोणी बघितलं का? प्राण्यांच्या जातींचं संरक्षण नातुरा क्षेत्रातच नाही, देशभर लागू आहे. जुन्या शेतघराच्या कौलांखाली वटवाघळं, वळचणीला चिमण्या, माळ्यावर आपल्या पिंगळ्याच्या कुळातलं छोटं घुबड, हे हमखास असतं. टॉर्च घेऊन संध्याकाळी शेडच्या दारात उभ्या राहा. उंबऱ्याजवळ तांदळाच्या दाण्याएवढी काळी विष्ठा दिसली आणि ती बोटांत चुरली की भुसा होत असेल, तर वटवाघूळ. भुसा नाही झाला तर उंदीर.

वटवाघळांची पाहणी साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतच होते, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा यावं लागतं. ऑक्टोबरमध्ये सही केलीत तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हात बांधलेले. म्हणून करारातल्या अटीची मुदत सहा आठवडे ठेवू नका.

आणि "बाईंचं लोणचं" म्हणणाऱ्यांसाठी: मध्य नेदरलँड्समधल्या व्हेलुवेच्या जंगलात माती आम्ल होऊन तिच्यातलं चुनखडं कमी झालं, गोगलगायी कमी झाल्या, आणि रामगंगा या छोट्या पक्ष्याच्या भाऊबंदांची पिल्लं घरट्यातच पाय मोडून पडलेली संशोधकांना सापडली. हाडांना कॅल्शियम नाही. नायट्रोजन म्हणजे कागदावरचा आकडा नाही.

एएसएमएलकर
मी दोन वर्षांपूर्वी सोलर आणि हीट पंप बसवला, उत्तम चाललाय. गॅस अजिबात घेऊ नका. पण विजेचं बघा. ब्राबांट प्रांतात, म्हणजे आयंडहोवनकडे, जून 2022 पासून मोठ्या जोडण्यांना रांग आहे. तीन फेज 80 अँपियरपर्यंत छोटी जोडणी धरतात, त्यात बसवा. खोल्या मात्र सोडू नका, पैसा खोल्यांत आहे. आमचे मित्र लिम्बुर्खला शनिवार-रविवारचे 140 युरो घेतात.

डब्लिनची_मावशी
खोल्यांत पैसा आहे हे खरं. लोणचं कुठेही होईल गं. खोल्या ठेव, स्वयंपाकघर गावात भाड्याने घे.

अमस्टेलफेनकर
तेच सांगतोय पहिल्यापासून.

हेमेंटेत_काम_करते
मी वेगळ्या प्रांतात, हेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, नियोजन खात्यात आहे, म्हणून सामान्य सांगते. मोठ्या कंपनीचा जाड अहवाल आमच्या टेबलावर येतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. आधी पूर्वचर्चेसाठी अर्ज करा, पूर्ण परवान्याचा नाही. एका पानावर लिहा: काय करायचंय, आठवड्याला किती गाड्या, कोणतं इंधन, काय पाडणार. जमिनीचा ठरलेला वापर शेती असेल तर खोल्या आणि स्वयंपाकघर दोन्हींना तो बदलावा लागेल, आणि तो प्रश्न नायट्रोजनच्याही आधी येतो. सल्लागार दोन छोटे घ्या: एक पर्यावरणतज्ज्ञ पहिल्या पाहणीला, एक एरियस चालवणारा. गाड्या आणि यंत्रांची माहिती तुम्ही स्वतः नीट दिलीत तर त्यांचे तास वाचतात. 3,500 मध्ये सुरुवात होऊ शकते, वटवाघळांची पूर्ण पाहणी लागली तर मात्र नाही.

लोणचंवाली
तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

सून ताईंचं शंभर टक्के खरं निघालं. मालकांनी योजना घेतली होती. मकलारला ते ठाऊक होतं, मी विचारल्यावरच बोलला. मालकांकडे जाऊन बसले, कॉफी झाली, त्यांनी स्वतः फाइल उघडून दाखवली. मोठी शेड पाडायचीच आहे. छोट्या शेडला, जिथे पूर्वी खाद्य ठेवायचे, वेगळ्या वापराची सूट मागता येईल.

एरियस चालवणारा एक एकटाच काम करणारा माणूस मिळाला. सहा खोल्या, नवीन बांधकाम आणि पाहुण्यांच्या गाड्या धरून माळाच्या कडेच्या चौकोनांत 0.02 आलं, बहुतेक बांधकामाच्या वर्षाचं. नुसतं स्वयंपाकघर, सगळं विजेवर, आठवड्यातून एक डिलिव्हरी व्हॅन, आणि छोट्या शेडची आतून दुरुस्ती: 0.00.

उंबऱ्याजवळची विष्ठा बोटांत चुरून पाहिली. भुसा झाला. छोट्या शेडमध्येच.

तेव्हा आमचं असं ठरलंय. खोल्या सोडल्या. पैसा खोल्यांत आहे हे सगळ्यांनी सांगितलंत, नवऱ्यानेही सांगितलं, पण मला लोणचीच करायची आहेत. गावात गाळाही घेणार नाही. करारात अट घातलीय: ऑक्टोबरअखेरपर्यंत हेमेंटेची वापरबदलाला लेखी संमती आणि वटवाघळांच्या पाहणीचा निकाल दोन्ही हातात नसतील तर खरेदी रद्द, दंड नाही. मालक तयार झाले. म्हणाले, मलाही घाई नाही, शेड पाडायला तेवढा वेळ लागेलच. पाहणीचा खर्च बजेटच्या वर जातोय, तो लोणच्याच्या गल्ल्यातून देणार.

परत येताना माळावरून चालत आलो. हेदर अजून तपकिरी आहे, मधूनमधून गवताचे पिवळे झुबके वर आलेले. मालकांनी बोट दाखवून सांगितलं, माझ्या लहानपणी इथे हे गवत नव्हतं.

आता एक नवीन प्रश्न. फोडणीचं तेल मी 40 लिटरच्या पातेल्यात तापवते, सध्या गॅसवर. तेवढं मोठं पातेलं इंडक्शनवर कोणी वापरतं का? सपाट बुडाचं, जाड, आणि 80 अँपियरच्या जोडणीत बसेल असं. 3,500 चं बजेट संपलंय, तेव्हा जुनं असलं तरी चालेल.

शेतकऱ्याची_सून_ब्राबांट
ताई, आमच्या गावातल्या बंद झालेल्या बेकरीत एक मोठी इंडक्शन शेगडी पडून आहे. शनिवारी बघून सांगते, पातेल्याचा व्यास कळवा.