प्रतिसाद: श्रद्धेने दुःख कमी होतं का?

वर विचारलंय की येशूवर श्रद्धा ठेवली तर दुःख कमी होतं का. माझ्या मते नाही होत. निदान पंडिता रमाबाईंचं तरी झालं नाही.

दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. तेव्हा त्या 23 वर्षांच्या, पदरात लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊन त्या ख्रिस्ती झाल्या, पण मन लगेच शांत झालं असं नाही. धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र पुढे बऱ्याच वर्षांनी सापडला, असं त्यांनीच सांगितलंय. हा प्रामाणिकपणा मला फार धीर देतो. (आमच्याकडे चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगताना, लोक मधली वर्षं गाळूनच टाकतात!) 1896-97 च्या दुष्काळात याच बाईंनी शेकडो मुली-बायकांना आसरा दिला, केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम थांबलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या.

आई आयसीयूत होती तेव्हा मला बायबलमधलं 23वं, धीर देणारं स्तोत्र वाचवेना. 88वं वाचलं. ते अंधारातच संपतं, शेवटी दिलासा वगैरे काही नाही. पण बोलणं देवाशीच चाललेलं असतं. चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी रोज डबा घेऊन यायच्या, बाकावर शेजारी बसायच्या. प्रार्थना मोठ्याने कधी केली नाही त्यांनी. 'जेवलास का' एवढंच विचारायच्या.