एकच नाव, लेखक दोन: कॅटलॉगमध्ये वेगळे कसे ठेवायचे?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकला आमच्या कॉलनीचं छोटं वाचनालय आहे, तीनेक हजार पुस्तकं, ती सध्या आम्ही दोघीतिघी मिळून दाखल नोंदवहीवरून कोहामध्ये (वाचनालयाचं सॉफ्टवेअर) चढवतोय. जुन्या वहीत लेखकाच्या रकान्यात कितीतरी ठिकाणी नुसतं 'देशपांडे पु.' असं लिहिलंय आणि मी ती सगळी पु.लं.च्या नावावर टाकत गेले. काल एक आजी आल्या, म्हणाल्या पु.लं.चं सगळं वाचलंय मी, हे 'अनामिकाची चिंतनिका' कुठलं गं? कपाटातून काढून बघितलं तर पु. य. देशपांडे! दोघंही पुरुषोत्तम, दोघंही देशपांडे, दोघांनाही साहित्य अकादमी, यांना १९६२ ला आणि पु.लं.ना १९६५ ला. फार वाईट वाटलं हो, एका माणसाचं आयुष्यभराचं काम मी दुसऱ्याच्या खात्यात टाकलं. अशी अजून किती गेली असतील? हे कसं निस्तरायचं, जाणकारांनी सांगा प्लीज.

रविवार_कारंजा
ताई, सगळ्यात आधी वहीवरून एंट्री करणं थांबवा, पुस्तक हातात घेऊनच करा. वही लिहिणाऱ्याने जागा वाचवायला आद्याक्षरं लिहिलेली असतात. मी ३० वर्षं ग्रंथपाल होतो, आपल्याकडे वडलांचं नाव मध्ये असतं हा मोठा आधार आहे, तो आद्याक्षरात घालवू नका. 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण, १९१९-२०००' असं पूर्ण लिहा, दुसरे 'देशपांडे, पुरुषोत्तम यशवंत'. कोहात आधी लेखकाची ऑथॉरिटी नोंद, म्हणजे त्याच्या नावाचं ठरलेलं रूप सांगणारी वेगळी नोंद करा, १०० नंबरच्या फील्डमध्ये a ला नाव आणि d ला साल, मग 'पु. ल. देशपांडे' हे रूप ४०० मध्ये टाका म्हणजे वाचकाने कसंही शोधलं तरी सापडेल. पुस्तकाला ती नोंद जोडायची, नाव दरवेळी हाताने टाइप करायचं नाही.

गोदाकाठ
धन्यवाद सर. पण जिथे सालही नाही, वडलांचं नावही नाही, तिथे काय? गावोगावचे कवितासंग्रह आहेत, लेखक नुसता आडनाव आणि एक अक्षर.

जुनी_पानं
मलपृष्ठावरचा परिचय बघा, नसेल तर प्रस्तावना आणि अर्पणपत्रिका, तिथे बरेचदा 'ती. आईस' च्या खाली गाव आणि तारीख असते, कधी शाळेचं नाव. एक मास्तर आणि एक डॉक्टर असेल तर तेवढ्यावरही वेगळं करता येतं, व्यवसाय लिहिला तरी चालतो. आणि काहीच मिळालं नाही तर अंदाजाने एकत्र करू नका!! दोन नोंदी नंतर मर्ज करणं एका मिनिटाचं काम आहे पण एकत्र झालेलं सोडवायला एकेक पुस्तक परत काढावं लागतं, आम्ही केलंय ते, दोन उन्हाळे गेले.

हा घोळ आजचा नाही. संत नामदेव १२७० ते १३५० चे आणि विष्णुदास नामा एकनाथांच्या काळातला, महाभारत लिहिणारा, पण नामदेवांच्या गाथेत त्याच्या रचना मिसळल्या. त्यातून संत नामदेव स्वतःही अभंगात 'विष्णुदास नामा' म्हणवतात. अभ्यासक अजून निवडत बसलेत.

रविवार_कारंजा
बरोबर. आणि उलटंही सांभाळा, आपल्या तात्यासाहेबांचंच बघा, कविता कुसुमाग्रज नावाने आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर. दोन्ही नावं राहू द्या, पण एकीकडून दुसरीकडे 'हेही पाहा' द्या, नाहीतर नाशिकच्याच पोराला 'नटसम्राट' कुसुमाग्रजांखाली सापडणार नाही.

गोदाकाठ
आज सकाळी दे चं कपाट पूर्ण खाली काढलं. पु.लं.च्या नावावरची १९ पुस्तकं, त्यातली तीन पु. यं.ची निघाली, ती दुरुस्त केली आणि आजींना फोन करून सांगितलं. एकाचं पहिलं पानच फाटलंय, मलपृष्ठही नाही, त्याला दोघांपैकी कुणालाच जोडलं नाहीये, 'देशपांडे, पु.' अशीच वेगळी नोंद ठेवलीय.