झडती, छापा की धाड?

विचारणा

वेस्ट बँकमध्ये इस्रायली सैनिक रात्री पॅलेस्टिनी घरांत शिरतात, त्याबद्दलच्या काही साक्षी मराठीत आणते आहे. साक्ष देणारे काही जण त्याच फौजेतले माजी सैनिक आहेत. माझं घोडं पहिल्याच वाक्यात अडलंय. 'घराची झडती घेतली' लिहावं, 'छापा टाकला' की 'धाड घातली'? आणि घरच्यांशी जे वागणं झालं त्याला 'गैरवर्तन' चालेल का?

उत्तर

'झडती' जपून वापरा. हा शब्द एकटा येत नाही. त्याच्यामागे वॉरंट, पंच, पंचनामा, जप्त मालाची यादी असं सगळं आपल्या डोळ्यांपुढे उभं राहतं. जुन्या दप्तरांत तर झडती हिशेबाचीही असे. म्हणजे झडती घेणारा अधिकारानं आलाय आणि काहीतरी ठरावीक शोधतोय, हे वाचणारा न सांगता धरून चालतो. वेस्ट बँकमध्ये 1967 पासून पॅलेस्टिनींना लष्करी कायदा लागू आहे. तिथल्या 1651 क्रमांकाच्या लष्करी आदेशानुसार घरात शिरायला न्यायालयाचं वॉरंट लागत नाही. अधिकाऱ्यानं सैनिकाला परवानगी दिली की झालं. 'झडती' लिहिलंत तर नसलेला कागद तुम्ही त्यांच्या हातात दिल्यासारखं होईल.

'छापा' बेसावध गाठण्याचा. तो पोलिसांचाही असतो, प्राप्तिकरवाल्यांचाही, आणि बातमीत तो बहुधा कौतुकानंच येतो. 'धाड' मला जवळची वाटते, कारण ती दरोडेखोरांचीही असते आणि सरकारचीही. बाजू कुणाची, हे तो शब्द ठरवून टाकत नाही. 'घुसखोरी' मात्र नको, ती आपल्याकडे सीमेवरच राहते.

विचारणारीकडून

पण काही वेळा ते काहीच शोधत नाहीत! घरच्यांना उठवतात, एका खोलीत बसवतात, ओळखपत्रांचे आणि माणसांचे फोटो काढतात, खोल्यांचा नकाशा काढतात आणि निघून जातात. सैनिक याला 'मॅपिंग' म्हणतात. मी 'घराची पाहणी' लिहिलं होतं.

उत्तर

पाहणी मंत्री करतात, पुरानंतर. इथे 'मॅपिंग' तसंच ठेवा आणि पुढच्या वाक्यात काय केलं ते क्रियापदांनी सांगा, तुम्ही आत्ता सांगितलंत तसं. जून 2021 मध्ये इस्रायली लष्करानं अपवाद वगळता हा प्रकार थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हा त्यांच्या व्यवहारातला नेहमीचा शब्द होता. तो आपण गोड करायचं कारण नाही.

'गैरवर्तन' खोडाच. ते परीक्षागृहात होतं, कार्यालयात होतं आणि त्यावर कारणे दाखवा नोटीस निघते. कपाट उलथवलं, धान्य जमिनीवर ओतलं, तर 'नासधूस' लिहा. 'नुकसान' गारपिटीनंही होतं. नासधूस म्हटलं की करणारा हात दिसतो.

आणखी एक मत

चोरी आणि लूट यांतही घोळ होतो. सैनिकानं घड्याळ खिशात घातलं तर एवढ्याशा गोष्टीला 'लूट' म्हणणं जड वाटतं, म्हणून लोक 'चोरी' लिहितात. पण चोरी नजर चुकवून होते. इथे मालक समोर उभा आहे आणि बंदुकीमुळे गप्प आहे. मराठीत ही लूटच. युद्धात फौजांनी कसं वागायचं हे सांगणाऱ्या 1907 च्या हेग नियमांचं 47 वं कलम आणि युद्धात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं 33 वं कलम लुटीला सरळ मनाई करतात, आणि तिथे वस्तू लहान की मोठी असा भेद नाही. 'दरोडा' मात्र नको. आपल्या फौजदारी कायद्यात त्याला पाच माणसं लागतात, उगाच मोजणी सुरू होईल.

त्याच हेग नियमांनुसार फौजेला गरजेचं सामान मागून घेता येतं, पण त्याचे रोख पैसे द्यायचे, नाहीतर पावती. तेव्हा साक्षीत पावतीचा उल्लेख आहे का, एवढं बघून घ्या.

विचारणारीकडून

आणि बाईवर हात टाकला असेल तर? दुसऱ्या एका युद्धाच्या मजकुरात जुन्या अनुवादकानं 'अब्रू लुटली' लिहिलंय.

उत्तर

काढून टाका. त्या शब्दप्रयोगात गुन्हा करणारा राहतो नामानिराळा आणि गमावणारी ठरते ती बाई. हे खापर एकट्या मराठीवर फोडता येणार नाही. चौथ्या जिनिव्हा कराराचं 27 वं कलमसुद्धा बलात्कार 'सन्मानावरचा हल्ला' म्हणूनच मोजतं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारानं उभं राहिलं, त्या 1998 च्या रोम संविधीत बलात्कार स्वतःच्या नावानं युद्धगुन्ह्यांच्या यादीत आला. 2001 मध्ये पूर्वीच्या युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं बोस्नियातल्या फोचा इथल्या खटल्यात दिलेल्या निकालात, जिथे बायकांना घरांमध्ये डांबून ठेवलं होतं, तो मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरला. तेव्हा 'बलात्कार' लिहा. अंगचटीला जाणं असेल तर तेवढंच लिहा, 'अत्याचार' या गाठोड्यात सगळं कोंबू नका.

जाता जाता

शब्दांइतकाच घात 'ण्यात आले' करतं. 'दार तोडण्यात आले, कुटुंबाला बाहेर काढण्यात आले.' कुणी? साक्षीत सैनिक 'आम्ही दार तोडलं' म्हणत असेल तर मराठीतही 'आम्ही' राहू द्या. बहुतेकदा तो बोलायला तयार झालेला असतो तो त्या 'आम्ही'साठीच.

विचारणारीकडून

पहिलं वाक्य असं केलंय: 'रात्री दोनला आम्ही त्या घरावर धाड घातली. शोधायचं काहीच नव्हतं.' मूळ साक्षीतही ही दोन वेगळी वाक्यं आहेत, म्हणून जोडली नाहीत.