तान्ह्या पोळ्याचा जुना लाकडी नंदी दुरुस्त करायचा आहे, पहिल्यांदाच. सुरुवात कुठून करू?

दारव्हा_वावर
घरातला जुना सागवानी नंदी माळ्यावरून खाली काढला आहे. उंची १४ इंच, लांबी १८ इंच, खाली पाट आणि ५ इंची चार लाकडी चाकं. पुढचा उजवा पाय गुडघ्यात मोडलाय, पण तुकडा जवळ आहे. डावं शिंग गेलंय. पाठीपासून पोटापर्यंत चीर आहे, जास्तीत जास्त ४ मिमी रुंद. पोटाखाली बारीक भोकं आहेत, हात लावला की पिठासारखी भुकटी पडते. एक चाक चिरलंय, बाकीची तीन डुगडुगतात. अंगावर रंगाचे तीन-चार थर आहेत, पापुद्रे सुटलेत.

माझ्याकडे करवत, कानस, ड्रिल मशीन आणि पॉलिश पेपर आहे. सुतारकाम कधी केलेलं नाही. पोळ्याला सात आठवडे आहेत, आणि तान्ह्या पोळ्यात, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यात, नंदी पाच वर्षांची मुलगी ओढणार. आधी सगळा रंग घासून काढू का? आणि कापसावर फवारायचं औषध त्या भोकांत सोडलं तर चालेल का?

सागवान_मूल
दादा, दोन्ही गोष्टी करू नका. वावरातलं औषध लेकराच्या खेळण्यात अजिबात नको. ते लाकडात मुरून राहतं, वरून रंग दिला तरी भोकांतून आणि चिरांतून हाताला लागत राहतं, आणि हात तोंडात जातो.

ही भोकं घुणाची आहेत, वाळवीची नाहीत. वाळवी मातीच्या नळ्या करते आणि लाकूड आतून पोखरते. घुणाची भोकं १ ते २ मिमीची, गोल असतात आणि भुकटी मैद्यासारखी पडते. सागाचा गाभा घुण सहसा खात नाही, तो लागतो बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला. पोटाखाली तोच भाग आला असणार. म्हणजे नंदी आतून पोकळ झाला असेल ही भीती काढून टाका.

घुण जिवंत आहे का ते आधी पाहा. ब्रशने भुकटी झाडा, नंदी काळ्या कागदावर ठेवा आणि दहा दिवस हलवू नका. भोकाखाली ताजी ढिगोळी दिसली तर घुण चालू आहे. मे महिना असता तर काळ्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून टिनाच्या छपरावर ठेवा म्हटलं असतं. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग अर्धा तास राहिला की अळी मरते. आता पावसात तेवढी उष्णता मिळणार नाही, म्हणून थंडी वापरा. आइस्क्रीमवाल्याकडचा आडवा डीप फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत जातो आणि १८ इंची नंदी त्यात मावतो. जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत घाला, हवा दाबून काढा, तोंड टेपने बंद करा आणि दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका. लगेच उघडली तर गार लाकडावर पाणी सुटतं, रंग आणखी उचलतो आणि सांधे फुगतात. वेळ कमी आहे, तेव्हा दहा दिवस वाट न पाहता सरळ फ्रीझरमध्ये टाकलं तरी चालेल. काळ्या कागदाची परीक्षा मग नंतर करा.

भोकं बुजवायची घाई नको. भोकं बुजली तर घुण मेला की नाही हे कळायची सोयच राहत नाही.

रंगपेटी_आर्वी
रंगाबद्दल. तान्हा पोळा नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात. नंदी घरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो आणि पोळा आला की त्यावर रंगाचा नवा हात बसतो, म्हणून थरावर थर साचतात. त्यातले जुने थर शिशाचे असू शकतात. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या डब्यांचा भरवसा नाही. म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारू नका, हीट गन किंवा ब्लो लॅम्प तर नाहीच. धूळ आणि धूर दोन्ही फुफ्फुसात जातात, आणि मुलीचं खेळणं अंगणातच चालतं.

फक्त सुटलेले पापुद्रे काढायचे. जागा ओल्या फडक्याने भिजवा, बोथट पटाशीने सुटेल तेवढंच सोडवा, मग १८० नंबरचा पाणी पेपर पाण्यात बुडवून कडा उतरत्या करा. निघालेला चोथा कागदात गुंडाळून बांधून टाका, शेणखताच्या उकिरड्यावर नको. घट्ट बसलेला रंग ठेवायचा. जुन्या डोळ्यांची, कपाळाची रेघ चांगली असेल तर तिला हातही लावू नका, तशी रेघ परत काढणं फार अवघड असतं.

शिंगांना खरा हिंगूळ वापरू नका, ते पाऱ्याचं संयुग आहे. शिसेविरहित लाल रंग घ्या. जुना लाल रंग वरच्या पांढऱ्यात फुटून गुलाबी डाग पडतात, त्यासाठी मध्ये चपड्याचा (लाखेचा) एक पातळ हात द्या: १०० ग्रॅम चपडा एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून, गाळून. पाऊस पडत असताना चपडा लावला तर तो पांढुरका पडतो. उघाडीची दुपार पाहून लावा.

वाढईकाम_हिंगणघाट
भाऊ, पाय आणि चाकाचं सांगतो. आधी पाय गुडघ्यातच का मोडला ते समजून घ्या. आखा नंदी एका ठोकळ्यातून कोरला असन तं लाकडाची रेघ, म्हणजे तंतूंची दिशा, नाकाकडून शेपटीकडे जाते. पायात तीच रेघ आडवी येते, म्हणून झटका लागला की पाय काडीसारखा मोडते. नुसता सरस लावून जोडला तं पुढच्या पोळ्याले पुन्हा तिथूनच मोडन. आत उभ्या रेघेची खुंटी पायजेच.

पायाची जाडी पाहा आणि खुंटी तिच्या एक तृतीयांश घ्या. ३० मिमी पाय असन तं १० मिमी खुंटी, भरीव मानवेल बांबूची. दोन्ही बाजूंनी ३०-३० मिमी भोक, खुंटी ५८ मिमी. खुंटीवर लांबीनं एक खाच काढा. खाच नसली तं आतला सरस आणि हवा कोंडते आणि ठोकताना पाय उभा चिरते. भोकं समोरासमोर येण्यासाठी एका तुकड्यात बारीक खिळा ठोका, डोकं कापून २ मिमी टोक बाहेर ठेवा आणि दुसरा तुकडा त्यावर बरोबर बसवून दाबा. खूण पडते. खिळा काढून तिथंच भोक पाडा, ५ मिमीपासून चढत १० वर या. मोडलेल्या तोंडावर जुना सरस असन तं गरम पाण्याच्या फडक्यानं पूर्ण काढा, त्यावर फेव्हिकॉल धरत नाही. मोडलेले काटे मात्र घासू नका, ते एकमेकात बसले पायजे. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळा आणि २४ तास ठेवा.

चाक डुगडुगते ते आसाच्या रॉडमुळे नाही, भोक लांबट झाल्यामुळे. जाड रॉड टाकू नका. भोक मोठं करून सागाची गुल्ली सरस लावून ठोका, वाळू द्या, कंपासनं केंद्र काढून नवं भोक पाडा. ८ मिमी रॉड असन तं भोक ९ मिमी. हातानं ड्रिल तिरकं जाते, म्हणून वेल्डिंगवाल्याकडच्या उभ्या ड्रिलवर हे एवढं काम करून आणा. रॉड यू क्लॅम्पनं पाटाले पक्का करा, फक्त चाक फिरलं पायजे. दोन्ही बाजूंनी वॉशर आणि १ मिमी मोकळीक, नाहीतर पावसात चाक फुगून अडकते. भोकात मेणबत्ती घासा. तेल टाकू नका, त्यात धूळ बसून चिखल होते.

चिरलेलं चाक जोडू नका. खोडाची आडवी चकती असन ते. लाकूड वाळताना घेराच्या दिशेनं केंद्राकडच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसते, म्हणून कडेपासून केंद्रापर्यंत चीर पडतेच. १२ मिमी जाडीच्या दोन सागवानी फळ्या घ्या, एकीची रेघ उभी, दुसरीची आडवी. सरस लावून वजनाखाली २४ तास ठेवा आणि त्यातून चाक कापा.

सागवान_मूल
पाठीच्या चिरेबद्दल राहिलं. पावसाळ्यात चीर अरुंद झालेली असते, उन्हाळ्यात ती पुन्हा उघडणार. तिच्यात लांबी (पुट्टी) भरली तर एका उन्हाळ्यात तुकडे पडतील. सागाचीच लांब, पाचरीसारखी चीप तासा, चिरेत बसवा आणि सरस एकाच बाजूला लावा. दोन्ही बाजूंना लावला की लाकूड आकसताना शेजारी नवी चीर पडते. वर केसाएवढी रेघ दिसेल, ती तशीच राहू द्या. भोकांसाठी मात्र सागाचा बारीक भुसा आणि फेव्हिकॉल चालेल, घट्ट पिठाएवढं, दोन वेळा भरून. पहिला भर वाळून खाली बसतोच.

रंगपेटी_आर्वी
शिंगासाठी उजव्या शिंगाची बाजू पुठ्ठ्यावर उतरवून पुठ्ठा उलटा करा, डाव्याचा साचा मिळतो. लाकूड वाळलेलं घ्या. ओल्यातून कोरलं तर आकसून सैल होतं. बुडाची खुंटी १२ मिमी जाड, २० मिमी खोल. टोक बोटाच्या पेराएवढं गोल ठेवा. इथे ॲराल्डाइट नको, साधा सरसच. नंदी पडला तर सांधा सुटावा, डोकं फुटू नये.

आणि दोरी वेसणीला बांधू नका. मुलगी मानेतून ओढेल तर नंदी पुढे कलंडतो. ओढायची दोरी पाटाच्या पुढच्या कडेला आकडा लावून बांधा. वेसण, झूल, घुंगरमाळ शोभेपुरती.

दारव्हा_वावर
फ्रीझरचे दोन आठवडे झाले, काळ्या कागदावर ताजी भुकटी नाही. पाय बसला, चाकं सरळ फिरतात. पण एक चाक जमिनीला टेकत नाही. आणि पांढऱ्या ऑइल पेंटचा पहिला हात तीन दिवसांनीही बोटाला चिकटतोय. दुसरा हात देऊ का?

वाढईकाम_हिंगणघाट
पाट वाकला असन. नंदी सपाट फरशीवर ठेवा, उचललेल्या चाकाखाली किती कागद जातात ते मोजा. तेवढ्या जाडीची पत्र्याची पट्टी त्या बाजूच्या क्लॅम्पपाशी, रॉड आणि पाटाच्या मध्ये सरकवा. पाट रंधून सरळ कराले जाऊ नका.

रंगपेटी_आर्वी
दुसरा हात आत्ता देऊ नका. वरून साय धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि पुढे सुरकुत्या पडतात. एकतर हात जाड लागलाय, नाहीतर हवा दमट आहे. बंद खोलीत पंखा आणि १०० वॅटचा बल्ब दोन फुटांवर लावून आणखी दोन दिवस थांबा. तरीही अंगठा उमटला तर टर्पेंटाइनच्या फडक्याने तो हात पुसून काढा, दाराशी हवेत बसून. मग रंगात दहावा हिस्सा टर्पेंटाइन घालून पातळ हात द्या. फडकी चुरगळून ठेवू नका, दोरीवर पसरून वाळवा. डोळे शेवटी काढा, रंग पूर्ण कडक झाल्यावर.