जुन्या स्कॉर्पिओ गेटअवेला कंपनीचे फुटस्टेप बसवायचेत, मधलं ब्रॅकेट वेल्ड करू का?

बागायतदार_म्हसरूळ

नमस्कार मंडळी. माझी २०११ ची स्कॉर्पिओ गेटअवे आहे, डबल केबिनचा पिकअप, मी सेकंड ओनर. आधीच्या मालकाने साइडचे फुटस्टेप काढून टाकलेले आणि मला इतकी वर्षं त्याचं काही अडलं नाही, आपण हँडल धरून चढतो. पण मार्चमध्ये आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता दर पंधरा दिवसांनी तिला म्हसरूळहून नाशकातच मुंबई नाक्याला दवाखान्यात न्यावं लागतं. टेप लावून मोजलं, जमिनीपासून दरवाजाचा उंबरा ५७ सेंटीमीटर भरतो. मागच्या खेपेला मी आणि बायकोने तिला उचलूनच आत ठेवलं. तिथे ती काही बोलली नाही, पण घरी आल्यावर म्हणाली की पुढच्या वेळी मी रिक्षाने जाईन, तू तुझी बाग बघ. ते फार लागलं मला.

तर अपघातात गेलेल्या एका गेटअवेचा कंपनीचा सेट भंगारात मिळाला, ब्रॅकेटसकट ४,२०० ला दोन्ही बाजू, बोल्ट मात्र नाहीत. काल गाडीखाली पुठ्ठा टाकून झोपलो, चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, बाहेरच्या अंगाला भोकं आहेत पण चिखल आणि काळ्या अंडरकोटने पार बुजलेली, स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढली. डाव्या बाजूला तिन्ही ब्रॅकेट बरोबर जुळतात. उजवीकडे पुढचं जुळतं, मधल्या जागी जुना बोल्ट आतच तुटून बसलाय आणि मागच्या भोकाचे आटे गंजून गेलेत. बागेसाठी मोरचूद आणि चुना याच गाडीतून येतो, त्या बाजूला पाणी गळत राहिलं असणार.

गॅरेजवाला म्हणतो मधलं ब्रॅकेट केबिनच्या खालच्या पत्र्याला वेल्ड मारू आणि मागचं चासीला, अर्ध्या तासाचं काम. मला धाकधूक वाटते. करू का? आणि नाहीच जमलं तर साध्या स्कॉर्पिओचे नवे स्टेप सगळीकडे मिळतात, ते बसतील का?

पाना_तेरा_नंबर

दादा, वेल्डिंग अजिबात करू नका. अंबडला वीस वर्षं गाड्यांखालीच गेली माझी म्हणून कळकळीने सांगतोय.

पहिली गोष्ट, तुमची केबिन चासीवर रबरी बुशांवर बसलेली आहे. खड्ड्यात गाडी गेली की चासी वेगळी पिळते आणि केबिन वेगळी हलते, त्यासाठीच ते रबर दिलेलं असतं. आता स्टेपची दोन टोकं चासीला आणि मधलं केबिनला पकडलं तर ही सगळी ओढाताण त्या मधल्या वेल्डवर येणार, आधी कुईकुई आवाज येईल आणि मग एक दिवस पत्रा फाटेल, आणि फाटेल तेव्हा त्यावर कोण उभं असेल हे तुम्हीच सांगितलंय. स्टेप एकतर सगळा चासीला नाहीतर सगळा केबिनला, अर्धा अर्धा कधीच नाही.

दुसरं, चासीला वेल्ड मारला की त्या जागेच्या आजूबाजूचं लोखंड तापून कमजोर होतं, आतला रंग जळतो, गंज आतून धरतो, आणि लोड टाकला की चीर तिथूनच सुरू होते. शिवाय चासीला लागूनच ब्रेकचा आणि डिझेलचा पाइप जातो, तुमच्या गाडीत कुठून जातो ते आधी हाताने चाचपून बघा, ड्रिल मारायच्या आधीसुद्धा.

तुटलेला बोल्ट काढायचा असा. दोन-तीन दिवस रोज संध्याकाळी गंजाचं तेल मारून ठेवा. बोल्टचं थोडं जरी टोक बाहेर असेल तर त्यावर एक नट ठेवून नटाच्या भोकातून नट आणि बोल्टचं टोक जोडणारा वेल्डचा टाका मारायचा, चासीला नाही, त्या उष्णतेने गंज सुटतो, आणि नट लाल आहे तोवर नाही, जरा निवला की पान्याने हळूहळू पुढे-मागे करत काढायचा. वेल्डिंगला विरोध आहे तो ब्रॅकेटच्या, हा टाका तर निघूनच जाणार. त्याआधी बॅटरीची मायनस वायर काढा, सीआरडीई डिझेल इंजिनाची गाडी आहे, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर उडाला तर स्टेप फार महागात पडेल. टोक आतच असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून बारीक ड्रिल आणि मग उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर, घाई केली तर तोही आत तुटतो आणि मग मात्र रडायची वेळ.

आटे गेलेल्या भोकात लगेच टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, घालू नका. डाव्या बाजूला जो बोल्ट बसतो त्याच्यावरून साइज आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बघून घ्या. दहा एमएमच्या बोल्टला १.५ चं पिच पण येतं आणि १.२५ चं पण, चुकीचा टॅप फिरवला की उरलेले आटे पण गेले. टॅपने साफ झालं तर उत्तमच, नाही तर हेलीकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्या. आरपार लांब बोल्ट टाकून पलीकडून नट आवळायचा शॉर्टकट कोणी सुचवेल, पण चासी आतून पोकळ पेटी आहे, मध्ये पाइपचा तुकडा नसताना आवळलं तर ती चेपते.

बोल्ट डोक्यावर ८.८ लिहिलेलेच घ्या. आवळताना आठ एमएम असेल तर २५ न्यूटन मीटरच्या आसपास, दहा असेल तर ४५-५०. पाचशे किलोमीटर झाले की एकदा परत बघा.

घाटवाट

स्कॉर्पिओच्या स्टेपचं मी सांगतो कारण मीच ते पैसे घालवलेत. स्कॉर्पिओचा व्हीलबेस २६८० एमएम, गेटअवेचा ३०४०, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात ३६ सेंटीमीटरचा फरक. मागच्या दरवाजाखाली स्टेप अपुरा पडतो आणि ब्रॅकेटच्या जागा पण चुकतात. सातपूरला स्कॉर्पिओ बनते म्हणून नाशकात तिचं सामान मुबलक, त्यामुळे दुकानदार "बसेल की" म्हणून देतो. तुम्हाला गेटअवेचाच सेट मिळालाय तो सोडू नका.

पासिंगची काळजी करू नका. डिसेंबर २०१७ ला केंद्राने बंदी आणली ती बंपरपुढच्या बुल बार आणि क्रॅश गार्डवर, फुटस्टेप त्यात नाही. फक्त तो चाकाच्या कमानीबाहेर आलेला नसावा, द्वारका चौकाच्या गर्दीत दुचाकीवाल्याची नडगी आधी लागते.

सिन्नरची_स्मिता

दादा गाडीतलं मला कळत नाही, पण मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून आईंसाठी लिहिते. स्टेप बसल्यावर जमिनीपासून त्याची उंची मोजा. घराच्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १८ सेंटीमीटर असते आणि ऑपरेशननंतर पेशंटला आपण तेवढ्याचीच सवय लावतो. तुमचा स्टेप ३५-४० ला आला तर त्यांच्यासाठी तो अजूनही उंचच आहे. खाली ठेवायला एक रुंद लाकडी पाट करून घ्या, १८-२० उंचीचा, चारही पायांना रबर लावा, प्लास्टिकचं स्टूल नको. आणि चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. त्यांचा उजवा आहे ना, म्हणजे चढताना डावा. धरायला वरचं हँडल घट्ट आहे का ते स्वतः लोंबकळून बघा. त्यांच्या डॉक्टरांना पण एकदा विचारा.

बागायतदार_म्हसरूळ

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं, छाटणीच्या गडबडीत होतो.

तेरा नंबर दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. तीन संध्याकाळ तेल मारलं, चौथ्या दिवशी दुसऱ्या एका मिस्त्रीकडून बोल्टवर नट टाकून घेतला, पहिला नट तुटून हातात आला, दुसऱ्याला बोल्ट कुरकुरत एक आटा फिरला आणि मग पूर्ण निघाला, काढला तेव्हा निम्मा खाऊन बारीक झालेला होता. मागच्या भोकाला पिच १.२५ निघालं! मी १.५ चा टॅप घेऊन बसलो होतो, तुमचा मेसेज वाचला नसता तर गेलंच होतं. टॅपने आटे साफ झाले, हेलीकॉइल लागलं नाही. ब्रॅकेटना घासून झिंक प्रायमर मारला, आणि मोरचुदाच्या गोण्या आता जाड ताडपत्रीवरच ठेवतो.

ताई, स्टेप ३८ वर आला. सुताराकडून सागाचा पाट करून घेतला १९ उंचीचा, खाली जुन्या टायरचं रबर ठोकलंय. परवा आई एकटी चढली, पाटावर डावा, स्टेपवर डावा, मग आत. मी मागे हात पुढे करून उभा होतो तर म्हणाली, सरक बाजूला, दार लागेल तुला.