पीएफमधील एचएफएससी रांगा: प्राधान्य ६ देऊनही आवाज का तुटतो?

कालवा_ते_केबल (प्रश्न)

नमस्कार. आमच्या कार्यालयात ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर पीएफ ही फायरवॉल चालते. बाहेरची लिंक २० मेगाबिटची असून अपलोड आणि डाउनलोड दोन्हींचा वेग तेवढाच आहे. कार्यालयात १२ आयपी फोन आहेत. दुपारी सर्व्हरचा बॅकअप बाहेर जाऊ लागला, की फोनवरच्या माणसाला आमचा आवाज तुटक ऐकू येतो. त्याचा आवाज मात्र आम्हाला स्वच्छ ऐकू येतो.

बाहेर जाणाऱ्या पॅकेटांच्या (डेटाच्या लहान तुकड्यांच्या) रांगांची मांडणी मी अशी केली आहे, आकडे मेगाबिटमध्ये. मूळ रांग २० मेगाबिट, कमाल मर्यादाही २०. तिच्याखाली ‘कार्यालय’ १२ आणि ‘सर्व्हर’ ८. कार्यालयाखाली ‘आवाज’ २ व ‘वेब’ १०. सर्व्हरखाली ‘बॅकअप’ ६ व ‘मेल’ २. शिवाय फोनच्या पॅकेटांना नियमात प्राधान्य ६ आणि बॅकअपला १ दिले आहे. एवढे करूनही काहीच फरक पडलेला नाही. प्राधान्य आणि बँडविड्थ यांपैकी वरचढ कोण असते? बँडविड्थ दिलेली असताना किमान आणि कमाल हे आकडे पुन्हा वेगळे कशासाठी? आणि सगळ्या रांगा थेट मुळाखाली न लावता मध्ये एक पातळी घातल्याने नेमके काय साधते?

रांगेतला_चौथा

प्राधान्याचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण तो सर्वांत सोपा आहे. पीएफमध्ये ० ते ७ अशी प्राधान्ये असतात आणि काही न सांगितल्यास पॅकेटला ३ मिळते. ही प्राधान्ये इंटरफेसवरच्या साध्या प्राधान्य-रांगेसाठी आहेत. तुम्ही त्या इंटरफेसवर बँडविड्थच्या रांगा मांडल्या, की त्या साध्या रांगेची जागा एचएफएससी (रांगांच्या पातळ्या करून वेग वाटणारी पद्धत) घेते, आणि मग कोणते पॅकेट आधी निघणार हे ६ किंवा १ या आकड्यांवर ठरत नाही. म्हणजे वरचढ कोण हा प्रश्नच उरत नाही. तुमच्या मांडणीत प्राधान्य त्या ठिकाणी कामालाच लागलेले नाही.

आता तीन आकड्यांविषयी. ‘बँडविड्थ’ हा वाटा आहे: एकाच पालकाखालच्या भावंडांनी उपलब्ध वेग कोणत्या प्रमाणात वाटून घ्यायचा, एवढेच तो सांगतो. ‘किमान’ ही हमी आहे. वाटणीचे गणित काहीही निघो, त्या रांगेला तेवढा वेग वेळेवर मिळालाच पाहिजे. ‘कमाल’ हा बांध आहे. लिंक रिकामी असली तरी ती रांग त्यापलीकडे जात नाही. तुमच्या ‘आवाज’ रांगेला वाटा आहे, पण हमी नाही.

मधल्या पातळीविषयी बोलायचे तर तुमचे टोपणनाव पाहून कालव्याचेच उदाहरण सुचते. एका वितरिकेवर दोन चाऱ्या असतील आणि एका चारीवरच्या शेतकऱ्याने आपली पाळी घेतली नाही, तर ते पाणी आधी त्याच वितरिकेवरच्या दुसऱ्या चारीला मिळते आणि तिचीही गरज भागली तरच पलीकडच्या वितरिकेकडे वळते. फोन शांत असताना ‘आवाज’चे २ मेगाबिट आधी ‘वेब’ला मिळतील, ‘वेब’लाही नको असतील तरच ते ‘सर्व्हर’च्या शाखेत जातील. सगळ्या रांगा थेट मुळाखाली लावल्या असत्या, तर तेच २ मेगाबिट बॅकअपनेही आपल्या वाट्याच्या प्रमाणात लगेच उचलले असते. कार्यालयाचे कार्यालयात राहावे, हा पातळीचा उद्देश आहे. पॅकेटे मात्र सर्वांत खालच्या, जिला अपत्य नाही अशा रांगेतच बसतात. मधल्या रांगा केवळ हिशेबापुरत्या असतात.

मोजूनमापून

वरचे उत्तर योग्य आहे, पण कालव्याचे उदाहरण नेमके आवाजापाशी अपुरे पडते. पिकाला आठवड्यात किती पाणी मिळाले याला महत्त्व असते. ते सकाळी आले की संध्याकाळी, याने फारसे बिघडत नाही. आवाजाचे पॅकेट उशिरा पोहोचले तर ते न पोहोचल्यासारखेच असते. एचएफएससीचा सारा उपद्व्याप या फरकासाठी आहे. आयन स्टॉइका, हुई झांग आणि टी. एस. यूजीन एंग यांनी १९९७ साली ही पद्धत मांडली, तेव्हा बँडविड्थ आणि विलंब यांची एकमेकांशी पडलेली गाठ सोडवणे हा तिचा मुख्य हेतू होता.

गाठ कशी पडते ते आकड्यांत पाहा. जी.७११ कोडेक (आवाजाचे डेटात रूपांतर करण्याची पद्धत) वापरणारा फोन दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट पाठवतो. त्यात आवाजाचे १६० बाइट आणि आयपी, यूडीपी व आरटीपी यांचे शीर्षभाग मिळून ४० बाइट असतात, म्हणजे एकूण २०० बाइट, अर्थात १६०० बिट. सेकंदाला ५० पॅकेटे धरली तर वेग ८० किलोबिट होतो. या फोनला मोजून ८० किलोबिटचीच हमी दिली, तर १६०० बिट बाहेर पडायला पूर्ण २० मिलिसेकंद लागू शकतात, आणि तरीही शेड्यूलरने (कोणते पॅकेट कधी निघणार हे ठरवणाऱ्या भागाने) आपला शब्द पाळलेला असतो. तेच पॅकेट ५ मिलिसेकंदांत बाहेर पडावे असे वाटत असेल, तर ३२० किलोबिटची हमी द्यावी लागेल, म्हणजे चौपट वेग अडवून ठेवावा लागेल. साध्या वाटणीच्या पद्धतीत विलंब कमी करण्याची किंमत ही अशी बँडविड्थमध्ये मोजावी लागते.

एचएफएससीत हमी ही एका आकड्याऐवजी दोन उतारांच्या रेषेने देता येते: सुरुवातीचे काही मिलिसेकंद चढा वेग आणि त्यानंतर कायमचा साधा वेग. पीएफमध्ये हा पहिला उतार ‘बर्स्ट’ या शब्दाने आणि मिलिसेकंदांच्या आकड्याने लिहितात. तुमच्या १२ फोनची पॅकेटे दुर्दैवाने एकाच क्षणी आली, तर १९,२०० बिट होतात. ती ५ मिलिसेकंदांत काढायला ३.८४ मेगाबिटचा वेग लागतो. सरासरी वेग मात्र १२ गुणिले ८०, म्हणजे ९६० किलोबिटच आहे. इथरनेटचे शीर्षभाग धरले तर १ मेगाबिटच्या थोडा वर जातो. म्हणून ‘आवाज’ला किमान १.२ मेगाबिट आणि त्यावर ५ मिलिसेकंदांसाठी ४ मेगाबिटचा बर्स्ट द्यावा. यात बॅकअपचे विशेष नुकसान होत नाही, कारण चढा उतार केवळ रांग रिकामी राहून पुन्हा जागी होते त्या क्षणापुरता असतो. उलट, १२ फोनांऐवजी एखाद्या यंत्राने त्याच रांगेत सलग ओतायला सुरुवात केली, तर ५ मिलिसेकंदांनंतर त्याची हमी १.२ मेगाबिटवर येते. कडक प्राधान्याच्या रांगेत असे यंत्र बाकी सर्वांना उपाशी ठेवते.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. तारेवर चढलेले पॅकेट मध्येच थांबवता येत नाही. १५०० बाइटचे पॅकेट २० मेगाबिटवर ०.६ मिलिसेकंद घेते, तेवढी वाट पाहणे अटळ आहे. आणि हमींची बेरीज लिंकपेक्षा जास्त झाली, तर सगळ्याच हमी खोट्या ठरतात. एएलटीक्यू ही रांगांची यंत्रणा वापरणाऱ्या पीएफसेन्स या पीएफवरच आधारलेल्या फायरवॉलमध्ये तर अशा हमींची बेरीज इंटरफेसच्या ८० टक्क्यांच्या वर गेली, की मांडणीच नाकारली जाते.

जुनी_तार

गणित सुरेख आहे, परंतु मूळ रांग २० मेगाबिटवर ठेवली आहे तोवर ते कागदावरच राहील असे मला वाटते. रांग जिथे साचते तिथेच तिला शिस्त लावता येते. तुमच्या फायरवॉलचे इंटरफेस कार्ड गिगाबिटचे असणार. मुळाची मर्यादा लिंकइतकीच ठेवली, आणि सेवा देणाऱ्याच्या उपकरणात वरचे शीर्षभाग धरून प्रत्यक्ष वेग १९.५ भरत असला, तर जादाची पॅकेटे फायरवॉलमध्ये न थांबता त्या उपकरणाच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साचतात. तिथे तुमचा ‘आवाज’ आणि ‘बॅकअप’ कोणालाच ठाऊक नसतो. सगळे एका ओळीत उभे. तो बफर १ मेगाबाइटचा असेल, तर तो २० मेगाबिटने रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे म्हटले आहे. मुळाची कमाल मर्यादा १८.५ करा आणि बॅकअप चालू असताना पिंगची (चाचणी-पॅकेट जाऊन परत येण्याची) वेळ पाहा.

दुसरे असे, की नियम बदलून फाइल पुन्हा लादली, तरी आधीपासून चालू असलेल्या जोडण्या आपल्या जुन्या स्टेटनुसार (फायरवॉलने ठेवलेल्या जोडणीच्या नोंदीनुसार) जुन्याच रांगेत राहतात. तासभर चालणाऱ्या बॅकअपच्या बाबतीत हे हमखास फसवते. स्टेट रिकामी केल्यावरच चाचणी घ्यावी. त्याने चालू जोडण्या तुटतात, तेव्हा हे काम कार्यालय सुटल्यावर करा.

आता माझा मतभेद. एवढे बारीक कोरीव काम प्रत्येकाने करावेच असे नाही. ओपनबीएसडी ६.२ पासून, म्हणजे २०१७ पासून, रांगेला ‘फ्लोज’ हा पर्याय देता येतो आणि मग एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळण्याची पद्धत लागू होते. ती प्रत्येक प्रवाह (एकेका जोडणीची पॅकेटे) वेगळा मोजते आणि अधूनमधून लहान पॅकेट पाठवणाऱ्या प्रवाहाला आपोआप पुढे काढते. फोनचा प्रवाह बहुधा नेमका तसाच असतो. १२ फोनांच्या कार्यालयाला मुळाची योग्य मर्यादा आणि एफक्यू-कोडेल एवढेच पुष्कळदा पुरते.

मोजूनमापून

मुळाच्या मर्यादेविषयी पूर्ण सहमत. ते मी आधीच लिहायला हवे होते. एफक्यू-कोडेलविषयी अर्धा सहमत. बॅकअपचे सॉफ्टवेअर एकाच वेळी ३० जोडण्या उघडत असेल, तर प्रवाहागणिक समान वाटणीत सर्व्हरला ३० वाटे मिळतात आणि कार्यालयाचे ब्राउझिंग मार खाते. कार्यालय आणि सर्व्हर यांच्यातील १२ आणि ८ हा करार पाळायचा असेल तर पातळी लागतेच. दोन्ही एकत्र करता येतात: वरची वाटणी एचएफएससीची, आणि ‘वेब’ व ‘बॅकअप’ या खालच्या रांगांना फ्लोज.

कालवा_ते_केबल

सर्वांचे आभार. मुळाची मर्यादा १८.५ केली, शाखांचे आकडे त्याच प्रमाणात खाली आणले आणि ‘आवाज’ला वर सांगितलेली हमी बर्स्टसह दिली. पहिल्या दिवशी काहीच बदलले नाही, कारण बॅकअपची जोडणी सकाळपासूनच उघडी होती. स्टेट रिकामी केल्यावर फरक दिसला. बॅकअप चालू असताना पिंग ३०० च्या घरात जात असे, ते आता १५ मिलिसेकंदांच्या आत आहे, आणि आज दुपारच्या फोनवर कोणी ‘हॅलो, हॅलो’ केले नाही. हमी काढून केवळ मर्यादा ठेवूनही पाहिले: आवाज बराच सुधारतो, पण १२ पैकी आठ-दहा फोन चालू झाले की पुन्हा किंचित अडखळतो. हमी परत लावली आहे.

एक शंका उरली. डाउनलोडसाठीही असेच करता येईल का?

रांगेतला_चौथा

करता येईल, पण आतल्या इंटरफेसवर. रांग फक्त बाहेर पडणाऱ्या पॅकेटांना लागते, आणि इंटरनेटवरून आलेले पॅकेट तुमच्या दृष्टीने लॅनच्या कार्डातून बाहेर पडते. तिथे त्याच नावांच्या रांगा मांडल्या, तर एकाच नियमाने दोन्ही दिशा सांभाळल्या जातात. फक्त तिथे मुळाची मर्यादा आणखी खाली, साधारण १७ वर ठेवा. पॅकेट तुमच्यापर्यंत पोहोचले म्हणजे लिंकवरची जागा त्याने आधीच खाल्लेली असते, आणि पाठवणाऱ्या टीसीपीने वेग कमी करावा म्हणून त्याला थांबवणे किंवा टाकून देणे एवढेच आपल्या हाती राहते.