१३ गाण्यांतून अल्बमसाठी ८ कशी निवडावीत? (मदत हवी आहे)

नमस्कार. आम्ही सांगलीतील पाच जण गेली चार वर्षे भावगीतांचे कार्यक्रम करतो. कविता आमच्यातीलच एका ताईंच्या आहेत आणि त्या स्वतः गातातही. बहुतेक चाली माझ्या असून मी हार्मोनियम वाजवतो. एक गायक आणि तबला व बासरी वाजवणारे दोघे मिळून आमचा संच पूर्ण होतो. यंदा स्वतःचा पहिला अल्बम काढायचा म्हणून १३ गाणी ध्वनिमुद्रित केली असून त्यांचा एकूण कालावधी ६३ मिनिटे भरतो. ऐकणाऱ्याने एका बैठकीत सगळे ऐकावे, त्यासाठी ४० मिनिटांच्या आसपास आणि ८ गाण्यांवर थांबावे, एवढ्यावर आमचे एकमत आहे. घोडे अडले आहे ते कोणती पाच गाणी वगळायची यावर.

आम्ही आधी गुण देऊन पाहिले. प्रत्येकाने प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण द्यायचे आणि बेरजेने वरची आठ घ्यायची, असे ठरले. निकाल लागला तेव्हा सगळेच गप्प झाले, कारण वर आलेल्या गाण्यांत कोणालाही न खटकणारी गाणीच जास्त होती. ज्या गाण्यांसाठी कोणी भांडले असते आणि कोणी नाक मुरडले असते, ती बहुतेक खाली गेली होती. सहा-सात गुणांची आठ गाणी सलग ऐकणे किती कंटाळवाणे असते, हे त्या संध्याकाळी कळले.

मुख्य वाद ताईंच्या एका गाण्यावरून आहे. ते ७ मिनिटे २० सेकंदांचे, संथ दादरा तालातले, चार अंतऱ्यांचे आहे. सुरुवातीला दीड मिनिट केवळ बासरी आणि आलाप असून मुखडा त्यानंतर येतो. कविता म्हणून ते तेरांमध्ये सर्वांत उजवे आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते, परंतु अल्बम सलग ऐकताना त्या ठिकाणी आमचे सर्वांचे लक्ष उडते. याउलट केरवा तालातले एक गाणे कार्यक्रमात दर वेळी ‘वन्स मोअर’ घेते, पण स्टुडिओत ते ओकेबोके झाले आहे. समोरच्या श्रोत्यांनी धरलेला टाळ्यांचा ठेका हाच त्याचा अर्धा प्राण होता की काय, अशी शंका येते.

तेव्हा अनुभवी मंडळींना विचारायचे आहे की गाण्याची निवड त्याच्या स्वतंत्र गुणांवर करावी की अल्बममधील त्याच्या जागेवरून करावी? आणि ज्यांचे गाणे वगळायचे, त्यांच्याशी हा विषय कसा काढावा?

पहिला प्रतिसाद

मी कॅसेटच्या काळात ध्वनिमुद्रणाचे काम केले आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस तीस मिनिटे मिळत, त्यामुळे कोणते गाणे कोणत्या बाजूला आणि कोणानंतर बसते, हे पाहिल्याशिवाय निवड पुरी होतच नसे. लाँग प्ले तबकडीत तर एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटांपलीकडे गेले की रेषा दाटीने कोराव्या लागत आणि आवाज बारीक होई. आज ती अडचण राहिलेली नाही, पण तिने लावलेली शिस्त उपयोगी होती. माझा सल्ला असा, की आधी वगळू नका, आधी क्रम लावा. तेराही गाण्यांची पट्टी (म्हणजे गाण्याचा मूळ सूर), ठेका, लय आणि गाणारा आवाज एका कागदावर मांडा, वेगवेगळे क्रम लावून पाहा आणि एक गाणे संपून दुसरे सुरू होते तो सांधा ऐका. लागोपाठची दोन गाणी एकाच पट्टीत आणि एकाच लयीत असली की दुसरे पडते. श्रोता मात्र दोष दुसऱ्या गाण्याला देतो. हे स्टुडिओत बसून ऐकू नका, स्वयंपाकघरात किंवा एसटीच्या प्रवासात ऐका. मैफलीत भैरवीनंतर काही गायचे नसते, हे आपण सर्वच पाळतो. अल्बमलाही अशी शेवटची जागा असते आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हे आधी ठरले तर बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

दुसरा प्रतिसाद

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी फ्लीटवुड मॅक या पाश्चात्त्य रॉक संचाचे उदाहरण पाहावे. त्यांच्या १९७७ च्या ‘रूमर्स’ या अल्बममधून त्यांच्या गायिका-गीतकार स्टीव्ही निक्स यांचे ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणे मुख्यतः लांबीमुळे वगळले गेले आणि एका सिंगलच्या (एका मुख्य गाण्याच्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूला गेले. त्याच्या जागी निक्स यांचेच दुसरे, छोटे गाणे घेतले गेले. निक्स यांना हा निर्णय ठरल्यानंतर कळला आणि ती सल अनेक वर्षे राहिली. १९९७ मध्ये त्याच संचाने ते गाणे रंगमंचावर गायले, तेव्हा कुठे ते सर्वदूर पोहोचले. गाणे वगळल्याचे दुःख टाळता येत नाही, परंतु ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागण्याचे दुःख टाळता येते. ताईंना बाजूला ठेवून चौघांनी काहीही ठरवू नये.

शिवाय ठेवणे आणि वगळणे यांच्यामध्ये कात्री नावाची तिसरी वाट आहे. दीड मिनिटाचा आलाप पाऊण मिनिटावर आणला तर गाण्याचे काही बिघडते का, हे एकदा पाहा. कवितेचा अंतरा मात्र कवयित्रीला विचारल्याशिवाय कापू नये.

तिसरा प्रतिसाद

मला वगळण्याचा हा अट्टहासच पटत नाही. बीटल्सच्या १९६८ च्या दुहेरी अल्बममध्ये ३० गाणी आहेत. त्यातून निवडून एकच उत्तम तबकडी करावी, असे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे मत होते. संचाने ते ऐकले नाही आणि त्या पसरटपणावरच आज लोक लुब्ध आहेत. याच मार्टिन यांनी १९६७ मध्ये ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ आणि ‘पेनी लेन’ ही गाणी सिंगल म्हणून आधी देऊन टाकली, त्यामुळे ती बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बममध्ये आली नाहीत, आणि ही आपली मोठी चूक होती, असे त्यांनी पुढे स्वतःच म्हटले. जाणकारही चुकतात, तेव्हा तेराही गाणी द्यावीत.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या प्रतिसादाशी मी सहमत नाही; तीस गाणी ऐकून घेण्याइतका विश्वास श्रोत्यांनी त्या संचावर आधीच टाकलेला होता, आमच्यावर अजून कोणी टाकलेला नाही.

पहिल्या प्रतिसादाप्रमाणे कागद केला आणि रविवारी सर्वांनी, ताईंसह, एकत्र बसून ऐकले. ताईंचे लांब गाणे आमच्या यादीत पाचवे होते. चौथे गाणेही त्यांच्याच आवाजात, काळी चारच्या पट्टीत, संथ दादऱ्यातच होते, आणि इतके दिवस हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते, कारण आम्ही प्रत्येक गाणे सुटे ऐकत होतो. चौथे काढून तिथे गायकाचे रूपक तालातले गाणे ठेवले, तेव्हा तोच आलाप, एक सेकंदही न कापता, सर्वांनी मुकाट्याने ऐकला. चौथे गाणे माझ्या सर्वांत लाडक्या चालीचे होते, हे येथे नमूद करणे भाग आहे. ताईंनी ते ठेवण्याचा आग्रह धरला. मीच नको म्हटले, आणि म्हणताना आवाज थोडा जड झाला.

केरव्यातले गाणे सध्या बाहेर आहे. पुढच्या कार्यक्रमात श्रोत्यांच्या टाळ्यांसह ते नव्याने ध्वनिमुद्रित करण्याचा विचार आहे. त्यासाठी एक शेवटचा प्रश्न: सभागृहातील ध्वनिमुद्रणात श्रोत्यांकडे तोंड करून किती माइक लावावेत आणि ते रंगमंचापासून साधारण किती अंतरावर असावेत?